रविवारचे गाणे

१९९३ साली मी सुरतेत लिंबायतच्या एका चाळीत राहत होतो. शेजारी खानदेशी, ओडिया, उत्तर प्रदेशी; सारे यंत्रमागावर राबणारे. पोरांची घरची बोली वेगळी, शाळेची वेगळी, त्यामुळे भांडणेही खाणाखुणांनी व्हायची. रविवारी सकाळी मात्र चाळीतल्या एकुलत्या रंगीत टीव्हीपुढे ही सारी पोरे एका सुरात गात. दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागलेले असे.

त्या गाण्यामागची हकिकत सांगण्यासारखी आहे. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने आपल्या नागपूरच्या उत्तरेकडील सिवनीच्या रानातला मोगली अमेरिकेत बसून रंगवला. पुस्तक निघाले १८९४ मध्ये. त्यावर जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली ५२ भागांची चित्रमालिका काढली. ती इकडे आली तेव्हा चित्रे जपानी राहिली. शीर्षकगीत मात्र नवे बांधले गेले. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा! गाण्यातल्या ‘चड्डी’ या शब्दाला आक्षेप निघाला होता. गुलजारांनी तो शब्द सोडला नाही. लिंबायतच्या पोरांना नेमका तोच शब्द सर्वांत आधी पाठ झाला.

जपानात शीर्षकगीताची रीत निराळी. तिथे रॉक वाद्यवृंदाचे नवे गाणे आणि चित्रमालिका एकमेकांच्या आधाराने बाजारात उतरतात. ‘लार्क आँ सिएल’ या वाद्यवृंदाचे ‘रेडी स्टेडी गो’ २००४ साली ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चे शीर्षकगीत झाले. पडद्यावर दीडेक मिनिट वाजायचे. पुरे ऐकायचे तर तबकडी विकत घ्यायची.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची आवई उठली आणि लाखो माणसे गाव सोडून निघाली. आम्हीही तापी खोऱ्याच्या गाडीत कसेबसे शिरलो. तोंडाला रुमाल, डब्यात कुणी कुणाशी बोलेना. उधना मागे पडले तेव्हा एका ओडिया पोराने हळूच तेच गाणे धरले. माझ्या मुलाने त्याला साथ दिली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. नंदुरबारला आम्ही उतरलो. तो पोरगा पुढे गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

आज माझा नातू सुरतेतच असतो. मोबाइलवर जपानी गाणी मुळातूनच ऐकतो, अक्षरेही गिरवतो. त्याचे मला कौतुकच आहे. पण कानात नळ्या घालून तो एकटाच गातो, तेव्हा वाटते, की लिंबायतच्या पोराला कळावे म्हणून तेव्हा कुणीतरी नव्याने शब्द जुळवले होते. त्या शब्दांनी आमची चाळ वर्षभर तरी एका घरासारखी नांदवली.