आडवं झालं की थांबतं

गेल्या वर्षी बहिणीचं सिझेरियन झालं. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं इतकं दुखायला लागलं की बाळाला घ्यायला उठून बसणंही अशक्य. आईने "वारा लागला असेल" म्हणून कानात कापूस घातला, मावशीने ओव्याची धुरी दिली, मी क्रोसिन आणली. उपयोग शून्य! संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आडवी झालीस की थांबतं का गं?"

"हो, लगेच!"

झालं निदान. आम्ही मेमरी लीक शोधायला रात्ररात्र जागतो, आणि या बाईंनी एका प्रश्नात लीक पकडला! घरी येऊन वाचत बसलो, तर हाती लागली थेट १८९८ सालची गोष्ट.

जर्मनीतलं कील शहर. सर्जन ऑगस्ट बियर यांनी मणक्यात कोकेन (हो, तेच!) टोचून कमरेखालचा भाग बधिर करायची युक्ती काढली. पण पेशंटांची डोकी दुखायला लागली. असं का होतं हे कळावं म्हणून २४ ऑगस्टला त्यांनी असिस्टंट हिल्डेब्रांटकडून स्वतःलाच टोचून घेतलं. पण सिरिंज सुईला नीट बसेना! औषध बाहेर सांडलं आणि मणक्यातला द्रवही बराच गेला. मग भूमिका बदलल्या. बियरनी हिल्डेब्रांटच्या नडगीवर हातोडा मारला, पेटती सिगार टेकवली... त्याला दुखलं नाही. रात्री दोघांनी वाइन घेऊन प्रयोग साजरा केला.

नंतर मात्र बियर नऊ दिवस अंथरुणावर. उभं राहिलं की डोक्यात दाब आणि चक्कर, आडवं झालं की गायब. १८९९ मध्ये त्यांनी हे सगळं प्रामाणिकपणे छापलं, आणि द्रव वाहून गेल्याचा याच्याशी संबंध असावा, हेही लिहिलं.

भानगड अशी की मेंदू आणि मज्जारज्जू एका द्रवात तरंगत असतात. तो असतो साधारण १५० मिली. शरीर रोज अर्धा लिटर नवा बनवतं, पण आवरणाला पडलेल्या भोकातून त्याहून जास्त गळलं की मेंदूचा आधार जातो. उभं राहिलं की तो खाली ओढला जातो. बहुतेक वेळा भोक आपोआप बुजतं. नाही बुजलं तर एकाचे दोन दिसणं, कान दडपणं, आणि क्वचित ताणलेली शीर फुटून मेंदूभोवती रक्त साचणं, इथपर्यंत मजल जाते.

१९५१ मध्ये पेन्सिलीसारख्या टोकाची सुई आली. ती आवरण कापण्याऐवजी तंतू बाजूला सारते, त्यामुळे त्रास कमी झाला. पण खरा उपाय सापडला १९६० मध्ये. टोचताना थोडं रक्त आलं तर डोकं कमी दुखतं, हे जेम्स गॉर्मली या सर्जनच्या लक्षात आलं. मग पेशंटचंच दोन-तीन मिली रक्त भोकाजवळ सोडायचं. गुठळी म्हणजे ठिगळ! ज्या सात जणांवर हे केलं त्यात एक गॉर्मली स्वतः होते. आज साधारण २० मिली वापरतात. नावही आमच्या धंद्यातलं: ब्लड पॅच.

बहिणीला तोच दिला. तासाभरात उठून बसली, बाळाला घेतलं. आई अजूनही श्रेय कापसाला देते. असो.

पण बहिणीचं सोपं होतं, सुई सगळ्यांना माहीत होती. काहींना सुई न टोचताच गळती होते. शाल्टेनब्रांट या जर्मन डॉक्टरांनी १९३८ मध्येच असे पेशंट वर्णन केले होते, पण त्यांना वाटलं द्रव बनतोच कमी. एमआरआय आल्यावर खरं चित्र दिसू लागलं. २०१४ मध्ये तर द्रव थेट शिरेत निसटतो असाही प्रकार सापडला. तिथे पॅच बऱ्याचदा पुरत नाही, ती शीरच बंद करावी लागते. अशा लोकांना मायग्रेन किंवा टेन्शन म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जातात.

तेव्हा तुमच्या ऑफिसात कुणी दुपारी डोकं धरून सोफ्यावर आडवं होत असेल, तर कामचुकार म्हणण्याआधी तो प्रश्न विचारा. उत्तर "हो" आलं तर ते वाक्य जसंच्या तसं डॉक्टरांना सांगायला लावा.