त्रास होता, नोंद नव्हती

खडकीतून बोलतोय, मागे लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आजची गोष्ट मात्र गडचिरोलीची.

डॉ. राणी बंग, स्त्रीरोगतज्ज्ञ. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून परत आल्या आणि पती डॉ. अभय बंग यांच्यासोबत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेव्हा बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच धरलं जायचं.

राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आकडे छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या? फक्त ८ टक्के! आम्ही इंजिनिअर म्हणतो ना, तक्रार आली नाही म्हणजे बग नाही, असं नसतं. इथे तर तक्रार करायला जागाच नव्हती.

मग दवाखानाही वेगळा झाला. मोठ्या इमारतीला बुजणाऱ्या आदिवासींसाठी झोपड्यांच्या वस्तीसारखा, त्यांच्याच दंतेश्वरी देवीच्या नावाचा. बायकांकडून ऐकलेलं राणीताईंनी पुस्तकातही मांडलं. त्याचं नाव ‘कानोसा’.

आज डॉक्टरांना शिकवतात, की मनावरच्या आघाताचं भान ठेवा. आधी विश्वास, मग संमती, मग तपासणी. त्या सगळ्याची सुरुवात ऐकण्यापासूनच होते.

घरात आई “काही नाही रे, होतं असं” म्हणाली, तर तिथेच थांबू नका. एकदा परत विचारा.