लिलावात संशय आला, तर बोलायचं कुणी?

इतिहास म्हटलं की किमान शंभर वर्षं मागे जायची आपल्याला सवय आहे. आज मी जेमतेम पंचवीस-तीस वर्षं मागे जाणार आहे. ना तह, ना तलवारी. विषय आहे ऑनलाइन लिलावाचा: जुनी तिकिटं, चित्रं, खेळाडूंच्या सह्या. एखादा विक्रेता खोटा आहे असं तुम्हाला दिसतंय आणि समोर एक अनोळखी माणूस त्याच्याकडे पैसे घालवायला निघालाय. तुम्ही बोलायचं की नाही?

सुरुवात ईबेपासून करू. पिएर ओमिड्यारने १९९५ मध्ये ही साइट काढली आणि १९९६ च्या सुरुवातीला तिथे 'फीडबॅक' आणलं. कल्पना अशी, की भांडणं मालकाकडे आणू नका, एकमेकांबद्दल चारचौघांत लिहा. थोडक्यात, फौजदार नको, चावडी पुरे. शिवाय त्या काळात कोणी किती बोली लावली, हे नावानिशी (म्हणजे तिथल्या टोपणनावानिशी) सगळ्यांना दिसायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मे २००० मध्ये तिथे एका अमूर्त चित्राचा लिलाव झाला. पहिली बोली होती २५ सेंटची. विक्रेत्याने लिहिलं होतं, की हे चित्र बर्कलीतल्या कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालं, पोराच्या प्लॅस्टिकच्या तीनचाकीने त्याला भोक पडलं आणि बायको ते घरात ठेवू देत नाही. चित्रकाराचं नाव त्याने घेतलंच नाही. फक्त एका फोटोत कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडा दिसत होता: 'आरडी ५२'. जाणकारांनी आपणहून ताडलं, की हा तर कॅलिफोर्नियाचा प्रसिद्ध चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न! बोली गेली १,३५,८०५ डॉलरवर.

विक्रेता होता केनेथ वॉल्टन, सॅक्रामेंटोचा वकील. ना बायको, ना पोर. ती अक्षरंही त्यानेच रंगवलेली. लबाडीची जात बघा. 'हे डीबेनकॉर्नचं आहे' असं तो कुठेच म्हणाला नव्हता. गिऱ्हाईकाच्या मनातला लोभ जागा करून तो बाजूला झाला होता.

तो अडकला मात्र दुसऱ्याच कारणाने. स्वतःच्या मालावर त्याने दुसऱ्या नावाने बोली लावली होती. ईबेने विक्री रद्द केली. मग पत्रकारांनी बोलींच्या जुन्या नोंदी चाळल्या आणि एकमेकांचे भाव चढवणारी टोळी उघडी पडली. २००१ मध्ये वॉल्टनसह तिघांवर आरोपपत्र आलं. शेकडो लिलाव, किमान ४० टोपणनावं. वॉल्टनने गुन्हा कबूल केला. पुढे त्यावर पुस्तकही लिहिलं. असली माणसं ते लिहितातच. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच: नोंदी उघड होत्या म्हणून हे सापडलं.

तिकीटसंग्राहकांनी तर या उघडेपणाचं शास्त्रच केलं. तिकिटात फसवणूक कशी करतात? मागचा डिंक गेला असेल तर नवा लावायचा. शाईची रेघ रासायनिक धुवून काढायची. कडेचे दाते कापून साध्या तिकिटाचं दुर्मीळ 'कॉइल' तिकीट करायचं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन-फ्रँकलिन मालिकेत हा उद्योग फार चालतो. २००० नंतरच्या वर्षांत काही संग्राहकांनी जुन्या लिलावांचे फोटो जपून ठेवायला सुरुवात केली. आज कोणी फाटकं तिकीट स्वस्तात घेतलं आणि काही आठवड्यांनी तेच 'उत्तम स्थितीत' म्हणून दुसऱ्या नावाने विकायला आलं, तर पोस्टाचा शिक्का चुगली करतो. शिक्का नेमका त्याच जागी, तितकाच तिरका दोनदा पडत नाही. दोन फोटो शेजारी ठेवले की संपलं.

हा पुरावा झाला. नुसता संशय वेगळा. तिकीट दुरुस्त करणं हा स्वतःमध्ये गुन्हा नाही. ते लपवून विकणं ही फसवणूक. आणि आरोप करणारा बऱ्याचदा स्वतःही विक्रेता असतो, म्हणजे समोरच्याचा प्रतिस्पर्धी. बाजारात शेजारच्या गाळ्यावर बोट दाखवणाऱ्याचा हेतू आपण तपासतो ना, तसा इथेही तपासायला हवा. माझं मत विचाराल तर दोन फोटो असतील तर बोलावं, नुसतं 'माणूस बरा नाही' असेल तर गप्प बसावं.

काहीजण याच्याही पुढे गेले. खोट्या मालावर पैसे देण्याचा इरादा नसताना मोठी बोली लावायची, लिलाव जिंकायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे कुणी भोळा फसत नाही. हेतू चांगला, पण कृती? खोटी बोली. वॉल्टनने केलं तेच, फक्त उलट्या बाजूने. मला हे पटत नाही.

आणि साधा उपाय, म्हणजे बोली लावणाऱ्याला 'अहो, जरा थांबा' असा निरोप धाडणं? चालू लिलावात असं करायला ईबेच्या नियमात मनाई होती. व्यवहारात ढवळाढवळ, म्हणे.

बरं, मग जबाबदारी साइटने घेतली का? खोट्या सह्यांच्या क्रीडावस्तू विकत घेतलेल्या लोकांनी ईबेवर दावा केला होता, जेंट्री विरुद्ध ईबे. २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की साइट ही विक्रेता नाही. लोकांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल तिला धरता येणार नाही. २०१० मध्ये टिफनी या जवाहिऱ्यांच्या खटल्यात दुसऱ्या अपील न्यायालयाने ठरवलं, की 'खोटा माल असतो' एवढं मोघम माहीत असणं पुरेसं नाही, नेमकी कोणती वस्तू खोटी ते माहीत असायला हवं. कायदा म्हणून ते बरोबर असेलही. पण शेजाऱ्याला बोलू द्यायचं नाही आणि स्वतःही राखण करायची नाही, या दोन्ही गोष्टी एकाच मालकाला कशा शोभल्या?

त्यातच २००७ च्या सुमारास मोठ्या रकमांच्या लिलावात बोली लावणाऱ्यांची नावं झाकली गेली. कारण खरं होतं. हरलेल्या बोलीदाराला ठग गाठायचे आणि 'वस्तू तुम्हालाच देतो' म्हणून पैसे उकळायचे. ते थांबवायला पडदा टाकला. पण त्याच पडद्यामागे स्वतःच्या मालाचा भाव फुगवणाराही लपला. वॉल्टनच्या टोळीच्या नोंदी पत्रकारांनी जशा वाचल्या, तशा आता बाहेरच्या कुणाला वाचता येत नाहीत.

आपल्याकडचे श्रोते हे वाचून शिवराई होनांची आठवण काढतील. नकली होन फिरतात हे नाणेसंग्राहकांना नवीन नाही, आणि व्हॉट्सॲपच्या गटात तर जुनी नोंदही राहत नाही. विक्रेता फोटो पुसून मोकळा. तुमच्यापैकी कुणी असे फोटो तारखेसकट जपून ठेवत असेल, तर मला जरूर कळवा.