कनकदुर्गावरून, २ एप्रिल १७५५

आधी दीपगृहाकडे पाठ करा. हर्णैच्या कनकदुर्गावर चढून आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा त्याच्याकडेच बघतो. पण आज आपल्याला जिथं जायचं आहे, तिथं ते अजून उभंच राहिलेलं नाही. मग समोरच्या बंदरातली एकेक गोष्ट पुसत चला. आधी इंजिनांची धडधड, मग निळी-हिरवी नायलॉनची जाळी, मग किनाऱ्यावर लिलावासाठी थांबलेल्या बर्फाच्या गाड्या. वाळत घातलेल्या मासळीचा वास तेवढा राहू द्या. पायांखालचा काळा कातळ आहे तोच आहे. भेगांमध्ये कालवं चिकटलेली, तीन बाजूंना पाणी, खाली लाट फुटली की तिचे तुषार थेट ओठांवर येऊन खारवतात.

तुम्ही आता १७५५ सालात आहात. तारीख २ एप्रिल. गड तुळाजी आंग्र्यांचा आहे आणि तुम्ही कुणाला दिसत नाही.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग आहे. जमिनीवर त्याचे तीन पाठीराखे : तुम्ही उभे आहात तो कनकदुर्ग, शेजारचा फत्तेगड आणि त्यापलीकडे गोवा. गोवा हे इथं किल्ल्याचं नाव आहे. तिघांत तोच मोठा. बेटाच्या तटाकडे नीट बघा. खालचा भाग कुणी बांधलेलाच नाही. बेटाचा कातळ तासून त्याचीच भिंत काढली आहे आणि तिच्यावर भले मोठे चिरे चढवले आहेत. कुठं डोंगर संपला आणि कुठं गवंड्याचं काम सुरू झालं, ते इतक्या अंतरावरून कळत नाही. महाद्वार शोधू नका, समुद्रावरून येणाऱ्याला ते सापडू नये अशीच त्याची रचना आहे. कान्होजी आंग्र्यांची दर्यावरची जरब ज्या जागांवरून उभी राहिली, त्यांतली ही एक. त्यांचं दस्तक घेतल्याशिवाय या पाण्यातून तारू हाकायची कुणाची छाती नव्हती. कान्होजी जाऊन आता २६ वर्षं होत आलीत.

बंदर मोकळं दिसतंय ना? आंग्र्यांचं आरमार चारच दिवसांपूर्वी इथून निसटलं. मुंबईकर इंग्रजांची जहाजं मागे लागली होती, वारा पडला होता. खलाशांनी जड सामान दर्यात लोटलं, होती नव्हती तेवढी शिडं चढवली आणि तीही पुरेनात तेव्हा अंगावरची वस्त्रं, डोक्यावरची पागोटीसुद्धा वाऱ्यावर ताणली. जयगडापर्यंत हा पाठलाग चालला आणि आरमार हाती लागलं नाही. मला ही पागोटी विसरता येत नाहीत. खलाशाची सगळी इभ्रत डोक्यावरच्या त्या चार हात कापडात असते, आणि त्यानं ती सोडून वाऱ्याला दिली.

आता पश्चिमेला बघा. बेटाच्या पलीकडे धुराचा पांढरा गोळा उठला. आवाज थोडा उशिरा पोचतो आणि तुमच्या पायाजवळचे खेकडे एकदम कपारीत शिरतात. कमोडोर विल्यम जेम्सचं ४४ तोफांचं ‘प्रोटेक्टर’ सुवर्णदुर्गावर आग ओकू लागलं आहे. दिवसभर हेच चालणार. धूर, मग आवाज, मग खेकड्यांची पळापळ. तासाभरानं खेकडे पळायचे थांबतात. संध्याकाळपर्यंत शेकडो गोळे पडतात आणि तट तसाच उभा असतो.

रात्र पडते. वद्य पक्ष आहे, चंद्र उशिरा उगवेल. त्या अंधारात बेटावरून एक माणूस पोहत इंग्रजी जहाजाकडे जातो आहे. तुम्हाला तो दिसणार नाही, तरी त्या पाण्याकडे बघत राहा. तो जाऊन सांगणार आहे की किल्लेदार पडला, माणसं बरीच मेली, पण या बाजूनं तट फुटायचा नाही. इथं कातळच आहे, अठरा फूट जाडीचा. त्याचं नाव कुठं नोंदलेलं नाही. भीती होती, लोभ होता की कुणावरचा राग, तेही नाही.

मुळात हे युद्ध कुणाचं आहे? उत्तर दर्यावर शोधू नका, जमिनीकडे वळा. तिकडे आत, कोसभर अंतरावर, पेशव्यांचं सैन्य उतरलं आहे. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजीविरुद्ध मुंबईकरांशी करार केला आहे आणि त्यांचे सरदार रामाजी महादेव फौज घेऊन आले आहेत. त्यांच्याजवळ एकच लहान तोफ आहे, चार पौंडी. ती गोळा टाकते तो मराठ्यांच्याच किल्ल्यावर. सैनिक हनुवटीपर्यंत खोल खड्ड्यांत बसून लढताहेत, असं इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो. ते वर्णन जिंकणाऱ्याच्या बाजूचं आहे, त्यात तिखटमीठ असू शकेल. खड्डे किती खोल होते यावर वाद घाला हवा तर. तोफेचं तोंड कुणीकडे होतं यावर वाद नाही.

तुळाजी निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. तो पेशव्यांना जुमानत नव्हता, त्यांच्या माणसांच्या गलबतांनाही सोडत नव्हता. पुण्याचा राग समजण्यासारखा आहे. पण घरचं भांडण मिटवायला ज्याच्या हाती कुऱ्हाड दिली, त्याला याच घराची तुळई न् तुळई हवी होती. कनकदुर्गाच्या या टोकावरून ते इतकं स्वच्छ दिसतं की पुण्यात कुणाला कसं दिसलं नाही, या विचारानं जीव तुटतो.

३ एप्रिलची सकाळ. आज खेळ वेगळा आहे. ‘प्रोटेक्टर’ बेटाला वळसा घालून थेट आतल्या चिंचोळ्या पाण्यात, तुमच्या समोर येऊन नांगर टाकतं. तटापासून शंभर वारांवर. एका कुशीच्या तोफा सुवर्णदुर्गाच्या ईशान्य बुरुजांवर, दुसऱ्या कुशीच्या गोव्यावर. डोलकाठ्यांवर चढलेले बंदूकवाले बुरुजावरच्या गोलंदाजांना तोफेजवळ उभं राहू देत नाहीत. दुपारपर्यंत ईशान्येच्या बुरुजाचा कठडा ढासळतो.

आणि मग एक तोफगोळा किल्ल्यातल्या शाकारलेल्या घरावर पडतो. कोकणात एप्रिल म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पावसाला दोन महिने, पेंढा हाताला लागला तरी चुरचुरतो. विझवायला बाहेर यावं तर वरून बंदुकीची गोळी. एका छपरावरून दुसऱ्या छपरावर आग उडत जाते. थोड्या वेळानं तुमच्या छातीत काहीतरी आदळल्यासारखं होतं. दारूकोठार उडालं.

दरवाज्यातून माणसं बाहेर पडतात. बाया, पोरं, म्हातारे, शिबंदी, मिळून हजाराच्या आसपास. सात-आठ मोठ्या होड्यांत कोंबून घेतात आणि गोव्याच्या दिशेनं निघतात. हे अंतर तुम्ही आता बघताच आहात, वल्ह्यांचे थोडेच फटकारे. पण इंग्रजांची गलबतं मध्ये येतात आणि एकही होडी पार होत नाही.

पुढचं भराभर घडतं. गोव्यावर शरणागतीचं निशाण चढतं. पण तिथला किल्लेदार बघतो की इंग्रजांनी बेटाचा ताबा अजून घेतलेला नाही. निवडक माणसं घेऊन तो होडीतून गुपचूप सुवर्णदुर्गावर परत जातो. दाभोळहून कुमक येईल, तोवर धरून ठेवू, एवढ्या आशेवर. जळका किल्ला, उडालेलं कोठार आणि मूठभर माणसं. या दोन दिवसांतला मला सगळ्यांत जवळचा वाटणारा माणूस हाच. जेम्स अर्धे खलाशी किनाऱ्यावर उतरवतो, ते कुऱ्हाडींनी दिंडी दरवाजा फोडतात, आणि संपतं. कातळाच्या तटाला शेवटपर्यंत खिंडार पडलं नाही. फुटलं ते लाकूड.

पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार दोरखंडांनी एकमेकांना बांधलेलं असताना पेटलं. तुळाजीचा उरलेला जन्म कैदेत गेला. सुवर्णदुर्ग ठरल्याप्रमाणे पेशव्यांना मिळाला. त्याच्यासमोरचा दर्या राखणारं असं आरमार मात्र पुन्हा उभं राहिलं नाही. जेम्स मायदेशी गेला, मोठा झाला, वारला. त्याच्या विधवेनं १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीसाठी एक तिकोनी मनोरा बांधला. तो अजून आहे. नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. मोठ्यानं म्हणून बघा, आत सुवर्णदुर्ग ऐकू येईल.

आता तिथंच उभे राहा, फक्त ४७ वर्षं पुढे या. १८०२ चं साल सरत आलंय. पुण्याजवळ यशवंतराव होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव पळत पळत याच सुवर्णदुर्गात आसऱ्याला आला आहे. पेशवा चार भिंतींआड आहे, पण पलीकडच्या पाण्यात त्याचं म्हणावं असं आरमार नाही. इथून तो इंग्रजांच्या आश्रयानं समुद्रमार्गे वसईला पोचेल आणि ३१ डिसेंबरला तहावर सही करेल. ज्या पाण्यात नानासाहेबांनी इंग्रजांना बोलावलं, त्याच पाण्यातून त्यांचा पुतण्या इंग्रजांकडे निघाला आहे.

चला, दीपगृह परत जागेवर ठेवा. खाली उतरा आणि होडीत बसा. बेटावर पोचलात की घाई न करता महाद्वाराशी थांबा. पायरीवर कासव कोरलं आहे, त्याच्यावर पाय पडू देऊ नका. बाजूला तटाच्या दगडातला मारुती आहे. हात लावून बघा, दगड उन्हानं तापलेला असतो. त्या दुपारी होड्यांकडे धावलेल्या बायांची पोरं याच मारुतीजवळून गेली. आत झाडोरा माजलाय, जोती उरलीत, टाक्यात शेवाळलेलं पाणी आहे. हवं तेवढा वेळ फिरा.

परतताना तांडेलाला विचारा, या पाण्याची खोली किती. तो दोरीनं नाही, डोळ्यानं सांगेल, आणि लगेच घाई करेल : “बसा पटापट, सुकती लागली.” होडी सुटते. तुम्ही नकळत मोजायला लागता. एक, दोन, तीन... पुळणीवर होडीचं बूड घासलं की थांबा. त्या हजार माणसांना एवढंच पाणी ओलांडायचं होतं.