स्वस्त शेती-अवजारांची निवड आणि सुरक्षितता : कडबाकुट्टी यंत्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शेती-अवजारांच्या आधुनिकीकरणाचा इतिहास बहुधा लोखंडी नांगरापासून सांगितला जातो. त्याच काळात त्याच कारखान्यात तयार होऊ लागलेले कडबा कापण्याचे यंत्र त्यात दुय्यम ठरते. वस्तुतः अल्प भांडवलाच्या शेतकऱ्याने अवजार कोणत्या निकषांवर निवडले आणि त्यांत सुरक्षिततेला स्थान का मिळाले नाही, हे या यंत्राच्या आधारे अधिक स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

निवडीचे निकष

पारंपरिक अवजारे प्रामुख्याने लाकडाची असत. सुतार व लोहार गावातच असून त्यांचा मोबदला बलुत्याच्या रूपाने धान्यात दिला जाई. त्यामुळे रोख किमतीइतकेच दुरुस्तीच्या सोयीला महत्त्व होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी बेळगाव येथे १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे त्यास प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना. हा विरोध केवळ अज्ञानमूलक मानणे अपुरे ठरते. बिडाचा मोडलेला भाग गावच्या लोहाराला भट्टीत सांधता येत नसे, हेही लक्षात घ्यावे लागते. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने हा कारखाना कुंडल रोड स्थानकाजवळ आला व तेथेच किर्लोस्करवाडी वसली.

कडबाकुट्टीची उपयुक्तता सहज पटण्यासारखी होती. ज्वारीचा कडबा अखंड टाकल्यास जनावरे पाला खाऊन जाड ताटे सोडून देतात. कुट्टी केल्यास ही नासाडी कमी होते. अवर्षणग्रस्त भागात वैरणीची बचत म्हणजेच जनावरांचे रक्षण होय.

धोक्याचे स्वरूप

हातयंत्रात जड चाकाला पाती बसविलेली असतात. एक व्यक्ती चाक फिरविते व दुसरी हाताने वैरण सरकविते. मूठ सोडल्यावरही चाक काही काळ फिरत राहते. यंत्र घराच्या अंगणात वा गोठ्यात असल्याने खेळणारी मुलेही जखमी होतात. विजेची मोटार जोडल्यावर हा धोका अधिकच वाढतो.

शासनाने मळणीयंत्रांच्या वाढत्या अपघातांनंतर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम संमत केला. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील दिनेश मोहन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कडबाकुट्टीसाठीचे सुरक्षा उपाय प्रसिद्ध केले : पात्यावर आवरण, हात पुढे जाताच सूचना देणारा रूळ आणि काम नसताना चाक जखडून ठेवणारी कडी. जुन्या यंत्रालाही अल्प खर्चात बसविता येतील, असे हे उपाय आहेत.

निष्कर्ष

शेतकऱ्याने किंमत, दुरुस्ती व वैरणीची बचत यांचा हिशेब चोख केला. परंतु अपघाताची किंमत खरेदीच्या वेळी दिसत नसल्याने ती हिशेबाबाहेर राहिली. ती बहुधा वैरण सरकविणाऱ्या स्त्रिया, मजूर व मुले यांनी चुकविली. म्हणून आवरण व कडी नसलेले यंत्र स्वस्त म्हणता येत नाही. त्याचा उरलेला खर्च दुसऱ्याच्या हातावर टाकलेला असतो. अवजारांच्या इतिहासलेखनातही उत्पादकतेबरोबर या खर्चाची नोंद होणे आवश्यक आहे.