वेलांटी कुठे गेली?

२०११ साली वडिलांनी माझं पहिलं अँड्रॉइड अ‍ॅप हातात घेतलं, दोन मिनिटं पाहिलं आणि फोन परत देत म्हणाले, "हे नाव माझं नाही."

वडील गावच्या दूध संकलन केंद्राच्या वह्या लिहीत. कुणाचं किती लिटर, फॅट किती, दहा दिवसांचं बिल किती. मी पुण्यात नोकरीला होतो आणि सुट्टीच्या दिवशी त्या वहीचं अ‍ॅप करत होतो. हिशेब चोख येत होता. पण 'विश्वास' हे त्यांचं नाव पडद्यावर आलं, की वेलांटी 'व'वरून सरकून 'श'वर बसायची, 'श'चा पाय मोडायचा आणि 'वा' सुटा पडायचा. काही फोनांवर तर नुसते चौकोन.

अँड्रॉइडची घोषणा ५ नोव्हेंबर २००७ रोजी झाली. गूगलसह ३४ कंपन्या एकत्र आल्या होत्या. आठवड्याभरात अ‍ॅप लिहिण्याची साधनं मोफत मिळू लागली, उत्तम अ‍ॅपसाठी १ कोटी डॉलरची बक्षिसं जाहीर झाली. गंमत म्हणजे तेव्हा बाजारात एकही अँड्रॉइड फोन नव्हता. लोक संगणकावरच्या खोट्या फोनवर अ‍ॅप चालवून बघत. पहिला फोन ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत आला आणि त्याच सुमारास सगळा कोड खुला झाला. जावावर चालणाऱ्या आधीच्या फोनांसाठीही आपण अ‍ॅप लिहीत होतो, पण बहुतेकांच्या पोटात काय आहे ते बघता येत नसे. इथे बघता येत होतं.

मीही बघायला गेलो, तेव्हा वेलांटीचा पत्ता लागला. युनिकोडमध्ये अक्षरं आपण उच्चारतो त्या क्रमाने साठवली जातात. 'वि' म्हणजे आधी 'व', मग वेलांटी. 'स्त्री' हे एक अक्षर म्हणजे सहा खुणा: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. पडद्यावर काढताना कुणीतरी वेलांटी उचलून आधी ठेवावी लागते, जोडाक्षर जुळवावं लागतं. इंग्रजीला याची गरज पडत नाही. सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये हे काम कुणी करतच नव्हतं. नुसता फॉन्ट घालून भागणार नव्हतं.

मग मी डीटीपीवाल्यांची जुनी युक्ती वापरली. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला फॉन्ट अ‍ॅपमध्ये घातला. पडद्यावर 'विश्वास' झकास दिसू लागलं. तेव्हाची कितीतरी मराठी अ‍ॅप्स अशीच चालायची. किंमत नंतर कळली. नाव शोधलं तर सापडेना, बिल एसएमएसने पाठवलं तर समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा कचरा मिळे. दिसायला मराठी, आत काहीच नाही.

खरी दुरुस्ती दुसरीकडून आली. अक्षरं जुळवणारी हार्फबझ नावाची एक ओपन सोर्स लायब्ररी आहे. नाव फारसीवरून घेतलेलं: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. फायरफॉक्सलाही तीच उपयोगी पडली. २०११ च्या अखेरीस अँड्रॉइड ४.० आलं आणि देवनागरी जागेवर बसू लागली. २०१४ च्या ५.० मध्ये फोनची अख्खी भाषाच मराठी करता येऊ लागली.

पण वडिलांचा फोन २.३ वरच राहिला. कोड सगळ्यांसाठी खुला होता, तरी त्या फोनला नवी आवृत्ती द्यायची की नाही हे बनवणारी कंपनी ठरवणार होती. तिने दिली नाही. खुलेपणाची हद्द मला तिथे दिसली.

दोन वर्षांनी त्यांना नवा फोन घेतला. जुन्या फॉन्टमधली सगळी नावं युनिकोडमध्ये आणायला मला तीन रविवार लागले. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेली नावं हाताने दुरुस्त केली, कारण 'र'चं हे मराठी वळण माझ्या प्रोग्रामला कळतच नव्हतं.

वडिलांनी यादी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली. स्वतःच्या नावापाशी थांबले नाहीत. एका शेतकऱ्याच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "याचं फॅट चुकलंय."

आता बोलणं हिशेबाचं होतं. म्हणजे अ‍ॅप चालू झालं होतं.