वाखानच्या शेपटीची कुळकथा

अफगाणिस्तानचा नकाशा पाहताना ईशान्येला चीनपर्यंत गेलेली एक चिंचोळी शेपटी नजरेत भरते. लांबी सुमारे ३५० किलोमीटर, रुंदी एके ठिकाणी जेमतेम १५. ही वाखानची पट्टी. कुणा राजाने ती तलवारीने जिंकली नाही. दोन साम्राज्यांना एकमेकांची धास्ती होती, त्या धास्तीतून ती जन्माला आली.

रशिया मध्य आशियातले मुलूख घेत दक्षिणेकडे सरकत होता आणि इंग्रजांना हिंदुस्थानची काळजी लागली होती. १८७३ साली अमूदर्याच्या रेषेवर दोघांची समजूत झाली; पण वर पामीरच्या पठारावर ती रेषा नेमकी कुठून जाते, हे कुणी नीट पाहिलेच नव्हते. १८९१ च्या ऑगस्टमध्ये बोझाई गुंबझ इथे इंग्रज अधिकारी यंगहजबंडचा तळ होता. रशियन कर्नल योनोव्ह तिथे आला, दोघे एकत्र जेवले. काही दिवसांनी तोच योनोव्ह परत आला आणि म्हणाला, ही जमीन रशियाची आहे, तुम्ही निघा. त्यावरून मोठेच राजकीय वादळ उठले. अखेर १८९५ मध्ये दोघांच्या आयोगाने झोरकुल सरोवरापासून चीनच्या हद्दीपर्यंत खुणा रोवल्या आणि मधली पट्टी अफगाणिस्तानच्या पदरात टाकली.

अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान हे लोढणे घ्यायला नाखूश होता. पण त्याचे हात बांधलेले होते. परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती होता, आणि त्यांच्याकडून त्याला वर्षाला १२ लाख रुपये मिळत. १८९३ च्या ड्युरंड करारानंतर ते १८ लाख झाले. या पैशांच्या आणि बंदुकांच्या बळावर त्याने फौज उभारली, हजाराजातचे बंड मोडून काढले, काफिरिस्तान जिंकले. काबूलची हुकमत अशी दूरवर पोहोचली. राज्य मजबूत झाले खरे, पण त्याचा एक मोठा आधार परक्या तिजोरीत होता. माझ्या मते पुढच्या काळातही त्या देशाला हेच दुखणे पुन्हा पुन्हा भोवले.

ती तिजोरी हिंदुस्थानची होती, म्हणजे इथल्या रयतेच्या घामाची. १८९७ साली लंडनला वेल्बी आयोगापुढे हिंदी खर्चाच्या बोजाबद्दल साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले जे कळकळीने मांडत होते, त्याला ही पार्श्वभूमी होती.

पट्टीतल्या वाखी लोकांना मात्र कुणीच विचारले नाही. पंज नदीच्या दोन्ही काठांवर एकच बोली, एकच इस्माइली पंथ, एकमेकांत सोयरीक. नदी सरहद्द झाली आणि काठ दोन राज्यांत गेले. उत्तरेचा काठ आज ताजिकिस्तानात आहे.

दक्षिणेला या पट्टीची कड गिलगिट-बाल्टिस्तानला लागते. तो प्रदेश पाकिस्तानच्या ताब्यात असला, तरी भारत तो आपला मानतो. म्हणूनच आपल्या गृह मंत्रालयाच्या सीमांच्या यादीत आजही अफगाणिस्तानचे नाव आहे, आणि पुढे आकडा आहे: १०६ किलोमीटर.